बोटीच्या लाकडावर हातातलं रंधा मशीन चालवायचं कसं

मे महिना सरत आला की वर्सोवा, मढ, वरळी, खारदांडा, उत्तन, कुठेही जा, बोटी वर ओढायची घाई चालू असते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणजे डागडुजीला जेमतेम दोन महिने, त्यातही पावसाने अर्धे खाल्लेले. मग ज्याच्या बोटीच्या चार फळ्या बदलायच्यात, एखादा वाक (बोटीची लाकडी बरगडी) कुजलाय, तो मिस्त्रीच्या मागे लागतो आणि मिस्त्रीकडे हाताखाली माणसं नसतात. म्हणून हल्ली बऱ्याच जणांनी हातातलं इलेक्ट्रिक रंधा मशीन घेतलंय. घेतलंय खरं, पण दरवाजाची चौकट रंधायची आणि बोटीचं लाकूड रंधायचं यात लय फरक आहे, हे कोणी सांगत नाही. दुकानदार तर अजिबात सांगत नाही, त्याला मशीन विकायचंय.

एक गोष्ट आधीच बोलून टाकतो म्हणजे पुढचं सगळं नीट लागेल. हे मशीन फक्त लाकूड काढतं. किती काढायचं, कुठे थांबायचं ते त्याला कळत नाही, ते पट्टीनं आणि खुणेनं आधी ठरवायचं. बोटीत सरळ असं काहीच नसतं, प्रत्येक वाकाचा उतार वेगळा, प्रत्येक फळीची कड वेगळी, आणि मशीन मिनिटाला पंधरा-सोळा हजार फेरे मारतं, तुम्ही विचार करेपर्यंत दोन मिलिमीटर गेलेले असतात. गेलेलं लाकूड परत येत नाही, मग खाली पाचर मारा, फळी बसेना म्हणून खिळ्यांनी ओढून बसवा, आणि दुसऱ्या सीझनला तिथूनच पाणी घ्यायला लागते.

आता मशीन कोणतं घ्यायचं. बाजारात सगळ्यात जास्त चालतं ते 82 मिलिमीटर रुंदीचं, वजन साधारण अडीच-तीन किलो, 550 ते 900 वॅटपर्यंत. बोटीच्या नव्वद टक्के कामाला हेच पुरतं. त्यावर 110 चं येतं, जरा जड, रुंद फळीला बरं. आणि 170 मिलिमीटरचं एक दांडगं येतं, नऊ किलोच्या आसपास, ते पठाणासाठी (बोटीच्या तळाचा मुख्य वासा) किंवा जाड तुळईला जमिनीवर ठेवून रंधायला भारी, पण परांचीवर चढून बोटीच्या अंगावर ते चालवायचं मनात पण आणू नका. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात एक चक्कर मारली की सगळे प्रकार हातात धरून बघता येतात, आणि हातात धरूनच बघा, ऑनलाइन फोटो बघून वजन कळत नाही. हँडल ओल्या हातात घट्ट बसतंय का, स्विच चुकून दाबला जातोय का, पुढच्या डेप्थच्या (किती खोल काढायचं त्या) नॉबला नीट टिकटिक अडका आहे का ढिला फिरतोय, एवढं बघा. भुसा डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी काढता येणारं मिळालं तर तेच घ्या, कारण बोटीला चिकटून काम करताना एका बाजूचं तोंड हमखास लाकडावर येतं आणि चोंदतं. बॅटरीवालं पण आता चांगलं मिळतं, किनाऱ्यावर वायरचं लफडं नको असेल तर छान, फक्त जाड काम दिवसभर असेल तर दोन-तीन बॅटऱ्या फिरत्या ठेवाव्या लागतात आणि त्या उन्हात टाकून ठेवायच्या नाहीत.

ब्लेड दोन प्रकारची. एक कार्बाइडची पातळ, दोन्ही बाजूंना धार, एक बाजू गेली की उलटून लावायची आणि दुसरी गेली की फेकायची. दुसरी साध्या हायस्पीड स्टीलची, रुंद, दगडावर पुन्हा धार लावता येते. सागाला मी कार्बाइडच म्हणेन. सागाच्या लाकडात वाळूसारखी सिलिका असते, ती साध्या ब्लेडची धार बघता बघता मारते, तुम्हाला वाटतं मशीनची ताकद कमी झाली, ताकद तेवढीच असते, ब्लेड बोथट झालेलं असतं. ऐन आणि बाभूळ तर विचारूच नका, बाभळीच्या वाकड्या फांद्या वाकांना एकदम झकास, निसर्गानेच आकार देऊन ठेवलेला, पण लाकडाच्या तंतूंची रेषा अशी वळवळलेली असते की एका हातभर लांबीत तीन वेळा दिशा बदलते.

वीज आणि वायर, हे वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही

किनाऱ्यावर काम म्हणजे ओली वाळू, खारी हवा, अनवाणी पाय आणि कुणाच्या तरी घरातून ओढलेली वायर. यातलं एक जरी चुकलं तरी माणूस जातो. जिथून लाइन घेताय तिथे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) पाहिजे म्हणजे पाहिजे, आणि त्यावरचं टेस्टचं बटण काम चालू करायच्या आधी दाबून बघायचं, पडला तर बरोबर. मशीनच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते डबल इन्सुलेशनचं, त्याला अर्थिंगची तिसरी पिन नसते, पण म्हणून पावसात चालवायचं लायसन्स मिळालं असं नाही. ताडपत्रीखाली काम करताय आणि ताडपत्री गळतेय, तर काम बंद.

वायर जाड घ्या. हे लोकांना पटत नाही, पण हिशोब करून बघा. हजार वॅटचं मशीन सव्वाचार-साडेचार अँपिअर घेतं. अर्ध्या स्क्वेअर एमएमची पन्नास मीटर पातळ वायर ओढली तर वाटेतच पंधरा-वीस व्होल्ट गायब होतात, आणि गल्लीतला व्होल्टेज आधीच दोनशे असेल तर मशीन रडतं, गरम होतं, आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) जळतं. तेच अडीच स्क्वेअर एमएमची वायर असेल तर तीन-चार व्होल्टच जातात. रिळावर गुंडाळलेली वायर असेल तर पूर्ण उलगडून टाका, गुंडाळलेली ठेवली तर आतल्या आत तापते. जोड असतील ते जमिनीवर नाही, बांबूला वर बांधून ठेवायचे, आणि भरतीचं वेळापत्रक बघून. मुंबईला उधाणाची भरती पावणेपाच-पाच मीटरपर्यंत चढते, भांगाच्या दिवसात पाणी जिथे थांबत होतं त्याच्या पुष्कळ वर येतं, काल कोरडी असलेली जागा आज पाण्यात असते. दर्यावरच्या माणसाला हे सांगायला नको, पण बाहेरून आलेल्या सुताराला सांगावं लागतं.

मशीन चालवताना वायर खांद्यावरून मागे टाकायची. रंधा पुढे ढकलताना वायर समोर लोंबत असेल तर एक ना एक दिवस ब्लेडखाली जाणारच.

लाकूड आधी साफ

जुन्या बोटीच्या फळीवर थेट मशीन लावायचं नाही. त्यावर शिंपल्या असतात, मीठ असतं, वाळू असते, रंगाचे दहा थर असतात, आणि हल्ली बऱ्याच बोटींना वरून फायबर (काचेचे धागे आणि रेझिन यांचा थर) मारलेलं असतं ते वेगळंच. आधी खरवडणीनं खरवडा, गोड्या पाण्याने धुवा, वाळू द्या, मग कोरड्या कुंच्याने झाडा. फायबर रंध्याने काढू नका, काच ब्लेडला खाते आणि त्याची धूळ अंगाला दोन दिवस खाजवत राहते, ते ग्राइंडरचं काम आहे आणि तेही तोंड-डोळे झाकून.

मग खिळे. एक चांगलं ताकदवान लोहचुंबक घ्या, दोरीला बांधा आणि फळीवरून हळूहळू फिरवा, जिथे ओढलं जाईल तिथे खडूने गोल करा. लोखंडी आणि गॅल्व्हनाइज खिळे असे सापडतात, तांब्या-पितळेचे नाही सापडत, ते डोळ्याने आणि बोटाने शोधावे लागतात. खिळा काढता येत असेल तर काढा, नसेल निघत तर पंचाने आत ठोकून खोल घाला, निदान सहा-आठ मिलिमीटर. जुन्या जहाजाचं लाकूड दारुखान्यातून किंवा रे रोडच्या वखारीतून स्वस्तात घेतलं असेल तर हे दुप्पट काळजीने करा, त्यात काय काय ठोकलेलं असेल ते ज्यानं ठोकलं त्यालाच माहीत. एखाद्या खिळ्यावर ब्लेड गेलंच आणि खाच पडली, तर लाकडावर मग दर फेऱ्याला एक बारीक उंच रेघ उमटत राहते. साध्या स्टीलच्या ब्लेडला बाजूला सरकवायला थोडी जागा असते, दोनपैकी एक ब्लेड केसभर बाजूला सरकवलं की एकाची खाच दुसऱ्याच्या धारेने झाकली जाते आणि रेघ गायब, तेवढ्यावर दिवस निभावतो.

ब्लेड सेट करणं

प्लग काढा. स्विच बंद केला एवढ्यावर थांबू नका, प्लग काढून समोर ठेवा, दिसला पाहिजे.

मशीन उलटं करा. खाली दोन बूट, म्हणजे लाकडावर टेकणारे सपाट तळ, दिसतात, पुढचा वर-खाली होतो, त्यावरून किती खोल काढायचं ते ठरतं. मागचा पक्का असतो, आणि ब्लेडची धार सगळ्यात वरच्या टोकाला असताना मागच्या बुटाच्या बरोबर लेव्हलला हवी. मागच्या बुटावर स्टीलची सरळ पट्टी धरा, ड्रम (ज्यावर ब्लेड बसतात तो) हाताने हळू फिरवा, धारेनं पट्टीला नुसता स्पर्श करून जावं, पट्टी उचलू नये. डावीकडे, मध्ये, उजवीकडे तिन्ही ठिकाणी बघा, आणि दोन्ही ब्लेडला. ब्लेड वर राहिलं तर फळीच्या शेवटी पुढचा बूट सुटताच खड्डा पडतो. खाली राहिलं तर मशीन पुढे जाता जाता वर चढतं, कमी कमी काढतं आणि शेवटी नुसतं घासत राहतं, आणि माणूस बोथट ब्लेड समजून नवीन ब्लेड घेऊन येतो. ब्लेड कायम जोडीनं बदला, एक नवं एक जुनं असं केलं की ड्रमचं वजन एका बाजूला जातं आणि मशीन थरथरतं. स्क्रू सगळे आलटून पालटून घट्ट करा, शेवटी एक हात पुन्हा फिरवा. सुटलेलं ब्लेड हा खेळ नाही.

वाकांवरचा उतार, खरं काम इथे आहे

नवीन फळी बसवायच्या आधी वाकांचा बाहेरचा चेहरा असा झाला पाहिजे की फळी प्रत्येक वाकावर पूर्ण टेकेल. बोटीच्या मध्यावर वाक जवळपास काटकोनात असतात, पण नाळेकडे (बोटीच्या पुढच्या टोकाकडे) जाल तसा बाहेरचा चेहरा तिरपा होत जातो, आणि एकाच वाकावर वर वेगळा उतार, खाली वेगळा. मशीन घेऊन डोळ्याच्या अंदाजाने इथे घुसलात तर वाट लागली समजा.

एक लांब, गाठी नसलेली, एकसारख्या जाडीची लवचिक पट्टी करून घ्या, सागाची असली तर उत्तम, निदान पाच-सहा वाकांवर जाईल एवढी लांब. ती वाकांवर आडवी धरा, जशी फळी येणार तशीच, दोघांनी दोन टोकं धरा आणि तिसऱ्याने मागून बॅटरीचा उजेड टाकावा. जिथे उजेड दिसतो तिथे वाक खोल आहे, जिथे पट्टी फक्त एका कोपऱ्यावर टेकते तिथे लाकूड जास्त आहे. पट्टी स्वतःहून जशी वाकते तशीच राहू द्या, दाबून बसवू नका, दाबली की ती खोटं बोलते. जो वाक एकटाच बाहेर येतोय तो आधी शोधायचा. आणि एखादा वाक खोल असेल तर त्याच्यासाठी शेजारचे पाच कापत बसू नका, त्या एकावर लाकडाची पट्टी चढवून वर आणा.

मग प्रत्येक वाकावर, पट्टी जिथून जाते त्या जागी, पटाशीने एक छोटी खाच मारायची, बोट मावेल एवढी रुंद, आणि तिचा तळ पट्टीला पूर्ण टेकेल अशा उताराचा. पट्टी पुन्हा ठेवून बघा, टेकली की त्या खाचेच्या तळाला गेरू किंवा निळा खडू फासा. असंच वीतभर वर, वीतभर खाली. एका वाकावर चार-पाच खाचा झाल्या की तुमचं मोजमाप लाकडावरच लिहिलं गेलं. आता मशीन घ्या आणि खाचांच्या मधलं लाकूड काढा, आणि जसा रंग फिका व्हायला लागला तसं थांबा. रंग पूर्ण गेला म्हणजे तुम्ही पुढे गेलात. पुसट डाग राहिला पाहिजे, तो शेवटचा डाग हातरंध्याने काढायचा. हे जरा किचकट वाटतं, पोरं कंटाळतात, म्हणतात डोळ्याने दिसतंय ना सरळ. आमच्याकडचे एक म्हातारे मिस्त्री अशा पोराला काही बोलायचे नाहीत, नुसती पट्टी त्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "धर बाबा, आणि उजेड दिसतो का सांग." उजेड दिसायचाच.

लाकूड जास्त काढायचं असेल, म्हणजे दहा-बारा मिलिमीटर, तर रंध्याने थरावर थर काढत बसू नका. गोल करवतीने दीड-दोन इंचावर आडवे काप घ्या, खुणेच्या दोन मिलिमीटर अलीकडेच थांबवा, आणि मधले तुकडे वाकसाने (लाकूड तासायच्या आडव्या पात्याच्या हत्याराने) उडवा. उरलेले दोन मिलिमीटर मशीनला द्या. वाकस अजून टाकून द्यायची वेळ आलेली नाही, आणि ती येईल असं मला वाटतही नाही.

यावरून एक सांगतो. 1817 साली जहाजं बांधणाऱ्या पारशी वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत मलबारी सागाचं ट्रिंकोमाली नावाचं लढाऊ जहाज बांधलं, ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. त्याचं एकेक लाकूड करवतीनं, वाकसानं, हाताच्या रंध्याने तासलेलं. विजेचा हातरंधा जपानात मकिता कंपनीने विकायला काढला तो 1958 मध्ये. म्हणजे मशीन नसलं तरी बोट होते, मशीनने फक्त माणसाची पाठ आणि दिवस वाचतात.

हातात मशीन धरल्यावर

दोन्ही हातांनी धरायचं, नेहमी. उजवा मागच्या हँडलवर, डावा पुढच्या नॉबवर. मशीन लाकडाला लावून चालू करायचं नाही, पुढचा बूट लाकडावर टेकवा, ब्लेड हवेत ठेवा, स्विच दाबा, पूर्ण स्पीड येऊ द्या, मग पुढे न्या. सुरुवातीला जोर पुढच्या हातावर, मध्ये दोन्हींवर सारखा, आणि शेवटी मागच्या हातावर. बस, एवढंच केलं तरी टोकाचे खड्डे निम्मे कमी होतात. ढकलण्याचा वेग हळू आणि एकसारखा, मशीनचा आवाज बसला म्हणजे तुम्ही घाई करताय किंवा जास्त खोल काढताय.

खोली किती? नव्या लाकडाचं खडबडीत काम असेल तर एक मिलिमीटर, फार तर दीड. शेवटचे हात अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी. मशीनवर दोन-अडीच मिलिमीटरचा आकडा छापलेला असतो म्हणून तो वापरलाच पाहिजे असं नाही, कडक ऐनावर तसं केलं तर मशीन उड्या मारतं.

रेषा बघा. फळीच्या कडेला बघितलं की रेषा वर चढत जाताना दिसतात, ज्या दिशेने त्या चढतात त्याच दिशेने रंधायचं. उलट गेलात तर ब्लेड रेषेखाली घुसतं आणि लाकडाचा सालपा उपटतो, कधी कधी पाच मिलिमीटर खोल. गाठीजवळ रेषा दोन्ही बाजूंनी वळते, तिथे खोली एकदम कमी करा आणि मशीन जरा तिरपं धरून न्या. बाभळीला तर एका बाजूने अर्धं, मग वळून दुसऱ्या बाजूने अर्धं, आणि मधलं हातरंध्याने किंवा खरवडणीने, दुसरा उपाय नाही.

रुंद फळी सपाट करायची तर आधी तिरप्या हातांनी जा, एकदा या कोनातून, एकदा त्या, मग शेवटी लांबीने. तिरपं गेलं की उंचवटे आपोआप कापले जातात, सरळच जात राहिलात तर मशीन फळीच्या पिळाबरोबर वर-खाली होत जातं आणि पीळ तसाच राहतो. बोटीचं बाहेरचं अंग फुगीर असतं, तिथे सपाट बूट चालून जातो, बारीक पैलू पडतात ते हाताने मोडायचे. पण नाळेजवळ जिथे आतल्या बाजूला वळण आहे, तिथे सपाट बूट दोन टोकांवर टेकतो आणि ब्लेड मध्ये हवेत. बाकदार तळाचं मशीनही मिळतं, महाग आहे, वर्षाला एखादी बोट करणाऱ्याने घेऊ नये, गोल तळाचा हातरंधा आणि वाकस तेच काम करतात.

फळीची कड

दोन फळ्यांच्या मध्ये जी फट ठेवतो त्यात कापूस आणि राळ बसते. ती फट आतून बंद आणि बाहेरून उघडी, म्हणजे पाचरीसारखी पाहिजे. आतून पण उघडी राहिली तर ठोकलेला कापूस सरळ बोटीत जातो. साधारण अंदाज असा की फळीच्या दर इंच जाडीला बाहेरची फट इंचाच्या सोळाव्या भागाएवढी, म्हणजे 40 मिलिमीटरच्या फळीला बाहेरून अडीच मिलिमीटर, दोन्ही फळ्यांच्या कडा मिळून. म्हणजे एका कडेला सव्वा मिलिमीटरचा उतार, मशीनच्या दोन हलक्या हातांत होतो, म्हणूनच इथे माणसं बिनधास्त होतात आणि जास्त घेतात. तुमच्या मिस्त्रीची कड करायची वेगळी पद्धत असेल तर त्याचंच ऐका, तो त्या बोटीला ओळखतो. उताराच्या कामाला मशीनचा बाजूचा गाइड लावा, गाइड वाकड्या फळीवर नीट चालत नसेल तर काढून टाका आणि कडेला आतल्या बाजूची पेन्सिलची रेघ डोळ्यासमोर ठेवा, ती रेघ शेवटपर्यंत शिल्लक राहिली पाहिजे.

फळी जोडायला तिरपा सांधा करत असाल तर मशीन इथे सोन्यासारखं चालतं. आठास एक धरा, 40 मिलिमीटरच्या फळीला 320 मिलिमीटर लांब उतार. दोन्ही फळ्या एकावर एक ठेवा, वरची फळी 320 मिलिमीटर मागे सरकवा, क्लॅम्पने आवळा, आणि खालच्या फळीच्या टोकापासून वरच्या फळीपर्यंत एकच सलग उतार रंधत जा. पायरी मोडून सरळ उतरण झाली की दोन्ही टोकं एकाच वेळी तयार, आणि एक फळी उलटून ठेवली की जोड बसतो. खाली सपाट, मजबूत फळी आधाराला ठेवा, कारण खालचं टोक कागदाएवढं पातळ होत जातं आणि आधार नसला तर थरथरून तुटतं.

झेंड्याची, दिव्याची किंवा शिडाची काठी करायची असली तर चौकोनातून अष्टकोन असाच रस्ता. रुंदीचे 24 भाग केले तर 7, 10, 7 असे पडतात, म्हणजे 120 मिलिमीटरच्या चौकोनाला प्रत्येक कडेपासून 35 मिलिमीटरवर रेघ मारा आणि कोपरे त्या रेघांपर्यंत उतरवा. अष्टकोनाचे कोपरे पुन्हा मोडले की सोळा पैलू, तिथे मशीन ठेवून द्यायचं, गोल हातानेच करायचं. काठी निमुळती असेल तर प्रत्येक हातभरावर रुंदी मोजून नवीन रेघ, एकच आकडा टोकापर्यंत नेऊ नका. पुढच्या बुटाला मध्ये जी खाच असते ती कोपऱ्यावर मशीन घसरू नये म्हणून, पुष्कळ जणांना ती कशाला आहे तेच माहीत नसतं.

अंगाची काळजी

स्विच सोडल्यावर ड्रम काही सेकंद फिरत राहतो. मशीन लगेच वाळूत टेकवलं तर वाळू उडून ब्लेड आणि बेअरिंग दोन्ही जातात, आणि मांडीवर टेकवलं तर काय होईल ते लिहायला नको. मागे एक छोटा पाय उघडतो, तो तुटला असेल तर बदलून घ्या. आणि बाजूला एक लाकडी फळकूट ठेवा, मशीन ठेवायचं ते त्याच्यावरच, आडवं.

ढगळ शर्ट, गळ्यातली साखळी, लोंबणारी लुंगी, सुती हातमोजे, हे सगळं बाजूला. डोळ्यांना चष्मा, कानात बोळे किंवा इयरमफ, कारण या आवाजात दिवसभर राहिलात तर संध्याकाळी कान वाजतात आणि काही वर्षांनी समोरच्याचं नीट ऐकू येईनासं होतं. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, एन-95 घ्या. सागाचा भुसा बऱ्याच जणांना शिंका, पुरळ, दम देतो. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1995 साली लाकडाच्या भुशाला माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे हा नुसता नखरा नाही.

परांचीवरून बोटीच्या अंगावर काम करताना खांद्याच्या वर मशीन उचलायचं नाही. परांची उंच करा, एक पाट अजून टाका, वेळ लागला तर लागला. खांद्याच्या वर तीन किलोचं मशीन पाच मिनिटांत दहा किलोचं होतं आणि हात थरथरायला लागला की ब्लेड पण थरथरतं. खाली कुणी बसलेलं नको, पोरं तर अजिबात नकोत, सुट्टीच्या दिवशी ती हमखास येतात.

काम झाल्यावर

ज्या दिवशी रंधलं त्याच दिवशी लाकडाला काहीतरी लावा. उघडं ताजं लाकूड पावसाळी हवेत रात्रभर राहिलं तर ओल पिऊन फुगतं आणि तुम्ही काढलेला बारीक उतार सकाळी बदललेला असतो. जुने लोक मुशीच्या (शार्क माशाच्या) तेलाचा हात द्यायचे, आता प्राइमर लावतात, काही का होईना, पण फायबर मारायचं असेल तर तेल अजिबात नको, रेझिन धरत नाही.

ओलं लाकूड रंधताना भुसा लगद्यासारखा चिकटतो आणि तोंड चोंदतं. चोंदलं की मशीन बंद, प्लग बाहेर, आणि मग काडीने काढा, बोट घालून नाही. शक्य असेल तर ओली फळी रंधूच नका, चार दिवस सावलीत वारा लागू द्या, ओली असताना तासलेली फळी सुकली की आक्रसते आणि सगळे सांधे हसायला लागतात.

संध्याकाळी मशीन कुंच्याने झाडा, खाऱ्या हवेचा ओलावा कोरड्या फडक्याने पुसा, ब्लेड आणि बुटाला पातळ तेलाचा हात द्या, आणि झाकणाच्या डब्यात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही, पिशवीत घाम धरतो. ब्लेडवर चिकटलेला सागाचा चीक रॉकेलच्या फडक्याने निघतो. बाजूचं झाकण उघडलं की आत दातेरी रबरी पट्टा दिसतो, ड्रम फिरत नाही पण मोटर ओरडते असं झालं की तोच तुटलेला असतो, त्याच्यावरचा नंबर आत्ताच मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि एक जादा आणून ठेवा. कार्बन ब्रशची जोडी पण. ऐन जूनमध्ये, पावसात, अर्धी फळी रंधून झालेली असताना नागदेवीला लोकल पकडून जायचं म्हणजे पूर्ण दिवस गेला, आणि तो दिवस कोरडा असला तर मिस्त्री तुमच्या तोंडाकडे बघत बसतो.